बारा वाजवणारे हात

शहराच्या ज्या टोकाला कुणी मुद्दाम जात नाही, त्या टोकाला मैलापाण्याच्या केंद्रात एक उंच, लांब ढांगांचा माणूस काम करायचा. दुपारपर्यंत त्याच्या भुवया, कानाच्या पाळ्या, बुटांच्या नाड्या, सगळं पांढरंफटक होऊन जायचं. ओल्या फरशीवरून एकेक पाय उचलून टाकत चालायचा. आता अशा माणसाला बगळा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? वय झालं तसं त्याला काका जोडलं गेलं, आणि बगळेकाका हे नाव असं चिकटलं, की हजेरीला कुणी खरं नाव पुकारलं तर ते स्वतःच मागं वळून बघायचे, हा कोण बुवा नवीन आला म्हणून.

आपण काय करतो? बटण दाबतो, भसकन पाणी येतं, आणि विषय संपला म्हणतो. अहो, संपतो कसला! तिथून तर सुरू होतो. साऱ्या शहराचं ते पाणी वाहत वाहत या केंद्रात येतं. पाणी निराळं करून, साफ करून पुढं सोडतात, आणि मागं उरतो गाळ. काळा, चिकट, आणि वासाचं तर बोलायलाच नको. यंत्रात दाबून त्याचं उरलेलं पाणी काढलं की तो पट्ट्यावरून बगळेकाकांच्या शेडमध्ये यायचा. तिथं एका मोठ्या मिक्सरमध्ये त्यात चुना पडायचा. किती पडायचा, कधी पडायचा, ते काकांच्या हातात. चुना मिसळलेला गाळ ढीग करून ठेवायचा, आणि तपासणीत पास झाला की तो शहराबाहेरच्या माळावर, झाडांना, पिकांना खत म्हणून जायचा. कुणी विचारलं, "काय करता हो तुम्ही?" तर काका गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "शहराला चुना लावतो." ऐकणारा दोन पावलं मागं सरकायचा आणि खिसा चाचपायचा.

चुन्याशी त्यांचं नातं मात्र जुनं. तरुणपणी ते भिंती रंगवायचे. पहिल्याच दिवशी मुकादमानं त्यांच्यासमोर पिंपात दगड टाकले, पांढरे, मुके, कोरडे ठणठणीत दगड. कळीचा चुना. वरून बादलीभर थंड पाणी ओतलं. आणि काय सांगावं, ते दगड फुसफुसायला लागले, फुटायला लागले, पिंप रटारटा उकळायला लागलं. खाली ना चूल, ना जाळ. वाफ थेट छताला भिडली. मुकादम विडी ओढत बसला होता, त्याला त्याचं काही नव्हतं. पण या पोरानं तोंडात बोट घातलं. दगडाच्या पोटात विस्तव कुणी ठेवला, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हा शिरला तो कायमचा. पुढं चकचकीत प्लॅस्टिक रंग आले, चुन्याला कुणी विचारीना, आणि काका फिरत फिरत या शेडमध्ये येऊन पोचले. इथं पुन्हा तोच चुना भेटला तेव्हा त्यांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

शेडचा नियम साधा होता. गाळाचा नमुना थोड्या पाण्यात कालवायचा, त्यात कागदाची पट्टी बुडवायची आणि रंग बघायचा. त्याला पीएच म्हणतात. साधं पाणी सातवर असतं, चुना जितका जास्त तितका आकडा वर. हुकूम असा, की आकडा बाराच्या वर गेला पाहिजे आणि वर टिकला पाहिजे. काका ते करायचे, मन लावून करायचे. पण बाराच का आणि त्यानं होतं काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वास मरतो एवढंच ठाऊक.

मग एकदा विद्यापीठातल्या एक बाई केंद्रावर आल्या. विषाणूंवर काम करणाऱ्या. त्यांना चुन्याच्या आधीचा आणि नंतरचा गाळ हवा होता. काका बर्फाच्या डब्यातून नमुने पोचवायला त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले. नमुना ठेवायचा आणि दारातूनच परत फिरायचं, असा क्रम. एक दिवस मॅडमच म्हणाल्या, "काका, रोज आणून देता, त्याचं पुढं काय होतं ते बघायचंय?"

त्यांनी तळहातावर मावतील अशा दोन चपट्या थाळ्या उजेडासमोर धरल्या. तळाला जांभळा रंग पसरलेला.

"ही काय आहे ओळखा."

"चादर दिसतेय," काका म्हणाले. "पण कसर लागलीय हिला. भोकंच भोकं."

"चादरच आहे. जिवंत पेशींची. एकीला एक चिकटून वाढवलेल्या. मूळच्या एका माकडाच्या मूत्रपिंडातल्या. ते माकड कधीच गेलं, पण त्याच्या पेशी बाटलीत अजून वाढतायत. भोकं दिसावीत म्हणून शेवटी हा रंग देतो."

काकांनी एकदा थाळीकडं बघितलं, एकदा मॅडमकडं. "माकड गेलं आणि हे चालूच?"

"चालूच. आणि यातलं एकेक भोक म्हणजे तुमच्या कच्च्या गाळातला एकेक विषाणू. तो एका पेशीत शिरला, तिथं वाढला, शेजारणीला खाल्लं, तिच्या शेजारणीला खाल्लं."

"पण तो स्वतः कुठाय?"

"तो दिसत नाही. इथल्या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा नाही. त्यानं केलेला उद्योग तेवढा दिसतो."

मग त्यांनी दुसरी थाळी पुढं केली. जांभळी चादर, या काठापासून त्या काठापर्यंत सलग. एक भोक नाही.

"आणि हा तुमचा चुना पडल्यानंतरचा गाळ."

काका स्टुलावर बसले. इतकी वर्षं वाटत होतं आपण वास मारतो. आणि ही भोकं! ज्या पोटांना, पोलिओनं ज्या पोरांच्या पायांना ती पडायची, ती पडली नाहीत. का, तर एका कोपऱ्यातल्या शेडमध्ये कुणी चुना ओतत होतं.

"मॅडम, मी हे रोज करतो?"

"रोज करता."

"मरतात ते?"

"मेले म्हणता येत नाही, कारण ते धड जिवंतही नसतात. निकामी होतात. एवढ्या चुन्यात त्यांचं कवच ढिलं पडतं, आतला धागा तुटतो. गाळातून जो डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो ना, तोही हातभार लावतो. पण सगळं केव्हा? आकडा बाराच्या वर गेला तर."

काका हळूच हसले. "म्हणजे बाराच्या वर गेलं की त्यांचे बारा वाजतात!"

मॅडम इतक्या हसल्या की थाळी खाली ठेवावी लागली. हे मी वर्गात सांगणार म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकांचं बोलणंच बदललं. जेवताना विषाणू, झोपताना विषाणू. बायको म्हणायची, "अहो, निदान घास तरी गिळू द्या." पण त्यांना राहवायचं नाही. सकाळी मिक्सर सुरू झाला, गाळात चुना पडला, आणि काळ्या ढिगातून पांढरी वाफ उठली की ते दोन क्षण हात जोडल्यासारखे उभे राहायचे. डोळ्याला न दिसणारं एवढं मोठं काहीतरी आपल्यासमोर घडतंय, आणि ते घडवणारं फावडं आपल्या हातात आहे, हे त्यांना रोज नव्यानं खरं वाटत नव्हतं.

आणि मग लेक घरी आली, तान्ह्या बाळाला घेऊन.

बाळ वेळेआधी झालेलं. बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. जावयाची बदली लांबच्या शहरात झाली होती, तो पुढं गेला होता. घर मिळालं की या दोघींना नेणार होता. तोवर लेक आईबापाकडे. काकांनी केंद्रावर अंघोळ केली, घरी येऊन पुन्हा केली, धुतलेला सदरा चढवला आणि दोन्ही हात पुढं करून खोलीत गेले. "आण बघू इकडं आमच्या ठमाबाईंना!"

लेकीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि अर्धी वळली. "बाबा, नको. लांबूनच बघा."

"अगं, दोनदा अंघोळ केलीय."

"माहितीय मला. पण तुम्ही दिवसभर ज्यात..." तिला पुढं बोलवेना. "डॉक्टरांनी बजावलंय, बाबा. फार जपायला सांगितलंय. रागावू नका ना."

काकांचे हात तसेच हवेत राहिले. दुसरा एखादा बाप भांडला असता, तुला याच हातांनी वाढवली म्हणाला असता. पण या माणसानं ती भोकं बघितली होती. जे दिसत नाही ते किती असतं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि हात मागं घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले. तिथूनच त्यांनी नात पाहिली. पांघरुणातून बाहेर आलेली एवढीशी मूठ. जीव नुसता कासावीस झाला. ही जायच्या आत एकदा, फक्त एकदा मांडीवर घ्यायचीच, एवढंच मग त्यांच्या डोक्यात राहिलं.

आता पुढं त्यांनी जे केलं ते चुन्यावर जीव असणारा माणूसच करू जाणे. साबणावर त्यांचा विश्वास उडाला. साबणाचं काय, फेस होतो आणि जातो. साऱ्या शहराच्या विषाणूंना जो पुरून उरतो, तो दोन हातांना काय सोडतो? त्यांनी शेडमधून बरणीत चुना आणला, न्हाणीघरामागं लपवला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या निवळीत मनगटापर्यंत हात बुडवून बसू लागले. आग आग व्हायची. ते दात खाऊन सोसायचे आणि मनात म्हणायचे, चाललंय, काम चाललंय. हातांना भेगा पडल्या. बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. चहाचा कप धरताना डोळ्यांत पाणी यायचं.

"हे काय करून घेतलंय हातांचं?" बायकोनं विचारलं.

"शेडमध्ये मिक्सर बिघडलाय. हातानं ढवळतोय."

इतकी वर्षं शहराला चुना लावला, आता बायकोलाही लावला. तिला काही ते पटलं नाही, पण घरात तान्हं बाळ असताना तिला तरी कुठं उसंत होती.

आणि एक दिवस त्यांनी मॅडमना गाठलं. "माझे हात तपासाल? गाळासारखे? थाळीत टाकून?"

मॅडम म्हणाल्या, "काका, असं कुणाच्या हातांचं आम्ही करत नाही." पण काका हात धुऊनच पाठीमागं लागले. नातीचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. लेकीला म्हणे ती भोक नसलेली चादर दाखवायची, म्हणजे झालं. शेवटी मॅडमचं मन विरघळलं. त्यांनी काकांच्या हातांवरून कसलंसं द्रावण सोडलं आणि ते पिशवीत गोळा केलं. घाईत होत्या, हातांकडं नीट पाहायचं राहिलंच. काका आदल्या रात्री दुप्पट वेळ निवळीत हात घालून आले होते. पेपर सोपा गेल्यासारखे घरी गेले.

त्याच आठवड्यात जावयाचा फोन आला. घर मिळालं. रविवारी न्यायला येतो.

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. काका गेले. टेबलावर थाळी होती. पेशींवरचं पाणी एरवी फिकट तांबूस असायचं, ते इथं भडक गुलाबी झालेलं. "बघा यातून," मॅडम म्हणाल्या. काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चादर नव्हतीच. एकही टाका शिल्लक नव्हता. नुसते सुटे, गोल झालेले दाणे इकडंतिकडं तरंगत होते.

भोकं मोजायलासुद्धा काही उरलं नव्हतं. इतके? इतके होते आपल्या हातांवर? दाराची कडी, पाण्याचं भांडं, बाळाच्या दुपट्यांची बादली परवा आपणच उचलून ठेवली. कपाळाला हात लावायला त्यांनी हात वर नेला आणि तो स्वतःच्याच कपाळाला लावायची त्यांना भीती वाटली.

"मॅडम, मी आजपासून घरी झोपत नाही. शेडमध्ये झोपतो."

"अहो, थांबा! पूर्ण ऐकाल की नाही? विषाणू असं वागत नाही. तो सावकाश भोकं पाडतो, त्याला दिवस लागतात. इथं रात्रीतून सगळ्या पेशी गेल्या, एकदम. आणि पाण्याचा रंग बघा. असा गुलाबी केव्हा होतो माहितीय? पीएच चढला की." त्यांनी मान तिरकी केली. "हात दाखवा बघू."

काकांनी हात पाठीमागं नेले. मग लहान मुलासारखे पुढं केले. मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिले.

"काका, कशानं धुताय हे?"

"...निवळीनं."

"चुन्याच्या?"

"हं."

"अहो, तुमच्या भेगाभेगांत चुना बसलाय! तुम्ही माझ्या पेशींचे बारा वाजवलेत!" त्या हसत होत्या की रडत होत्या, कळेना. मग त्यांनी दुसरी थाळी काढली. "उरलेलं पाणी होतं, त्यातला चुना मारून मी पुन्हा लावलं. ही बघा."

सलग जांभळी चादर. भोक एकही नाही.

"विषाणू नव्हता?"

"या चादरीला कळेल असा नव्हता. सगळेच हिच्यावर दिसत नाहीत, म्हणून साबण सुटणार नाही, सांगून ठेवते. आणि शेडमध्ये हातमोजे." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण काका, हे हात असेच बाळाच्या गालाला लागले असते तर? वेळेआधी झालेलं बाळ. त्याची कातडी ती केवढी?"

काकांनी पुन्हा त्या सुट्या दाण्यांकडं पाहिलं. चुन्याला कुणी शत्रू नाही आणि कुणी मित्र नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. जे समोर येईल त्याचा तो धागा सोडवतो. विषाणूचा सोडवतो, माकडाच्या पेशीचा सोडवतो, नातीच्या गालाचाही सोडवला असता. केवढी ती ताकद, आणि आपण तिला बरणीत भरून न्हाणीघरामागं ठेवलं! लेकीनं लांब ठेवलं ते देवासारखं केलं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. उंबऱ्यातच उभं राहून, थाळ्यांसकट, बरणीसकट. लेक ऐकत होती. तिनं बाळाला आईच्या हातात दिलं आणि उठली.

"वेड लागलंय का तुम्हाला, बाबा?" ती ओरडली. "मी लांबून बघा म्हटलं, हात जाळून घ्या म्हटलं होतं का?" आणि ओरडता ओरडताच तिला रडू फुटलं. ती पुढं आली आणि तिनं बापाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"अगं, नको," काका हात ओढायला लागले. "तू बाळाला घेतेस."

"गप्प बसा."

तिनं त्यांना नळाशी नेलं. कितीतरी वेळ वाहत्या पाण्याखाली ते हात धरून उभी राहिली, मऊ कापडानं टिपले, दवाखान्यात नेऊन आणलं, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम एकेका भेगेत भरलं. काका मान खाली घालून बसले होते. शाळेचा रस्ता ओलांडताना ही हात धरायची, त्यानंतर आजच. नातीला घ्यायचं, नातीला घ्यायचं, असं इतके दिवस चाललं होतं, आणि लेकीनं हात धरावेत अशी आपली त्याहून जुनी भूक होती, हे त्यांना त्या मलमात समजलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण हात मोकळे नव्हते.

मग तिनं नवऱ्याला फोन लावला. "या रविवारी नाही जमणार. घर काही पळून जात नाही." का, ते तिनं सांगितलं नाही.

काकांना शेडमधून सुट्टी मिळाली. बरणी बायकोनं स्वतः केंद्रावर नेऊन दिली, वर त्यांच्या साहेबांना चार शब्दही सुनावून आली. भेगा हळूहळू मिटल्या, कातडी गुलाबी होऊन आली. पुढच्या वेळी जावई न्यायला आला, सामान बांधून झालं, तेव्हा काका न्हाणीघरात साबण घेऊन उभे होते. धूत होते, पुसत होते, पुन्हा धूत होते.

"किती धुणार, बाबा?" लेक दारात आली. "या, बसा इथं. मान सांभाळा तिची."

आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

काकांनी श्वास धरला. हे एवढंसं वजन! मिठाच्या कणाएवढी नखं, आणि नाकपुड्यांची ती उघडझाप. या पापणीत किती पेशी असतील, एकीला एक चिकटून, कुणी न शिकवता? दगडातला विस्तव पाहिला, न दिसणाऱ्यांचा उद्योग पाहिला, पण असं काही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते हलेनात, बोलेनात. बायको म्हणाली, "अहो, श्वास तरी सोडा."

तेवढ्यात बाळानं तोंड लाल केलं, कुंथलं, आणि काकांच्या धुतलेल्या धोतरावर आपला कारभार उरकला.

"शी! बाबा, द्या इकडं, द्या!" लेक धावली.

"शी म्हणजे शीच की गं," काका म्हणाले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अगं, हा तर आमच्या खात्याचा माल! असू दे. आज ही रीतसर शहरात आली बघ."

लेकीनं बाळाला पुसलं, गुंडाळलं. काका तिच्याकडं बघत राहिले. उद्यापासून ही तिकडं. तिकडच्या न्हाणीघरातून हिच्या दुपट्यांचं पाणी जाईल, कुठल्यातरी गटारातून, कुठल्यातरी कडेच्या शेडमध्ये.

"तिकडंही कुणीतरी असेल ना गं? चुना टाकणारा?"

"असेल की, बाबा."

"बघितलंयस त्याला?"

"मी कशी बघणार?"

"तेही खरंच," काका म्हणाले. मग ते पुढं वाकले आणि झोपेला आलेल्या नातीला हळू आवाजात सांगू लागले, "कुणीतरी आहे बरं का तिकडं. तू आपली खुशाल मोठी हो. तो बघून घेतो."